रस्त्यावरचा चिखल आपल्याच शेतातला

मंडळी, दरवर्षी मृग संपत आला की आपल्याकडं एकच गाऱ्हाणं सुरू होतं, रस्ते. खड्डे पडलेत, गटार नाही, पाणी रस्त्यावर येतंय. गाऱ्हाणं खरं आहे, त्यात खोटं काही नाही. पण आज मी दुसरं बोलणार आहे आणि ते गावातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. आमच्या घरातही आवडणार नाही.

येळ्ळूरची जमीन काळी. याच मातीत बासमती पिकायची, भात अजूनही चांगलं येतंय. पण रोप लावणीच्या दिवसांत हीच माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येते. पूर्वी चिखल करून बैल बांधावरून घरी यायचे, रस्त्यावर पडलंच तर शेण पडायचं. आता ट्रॅक्टर शेतातून निघतो तो थेट डांबरावर. जोराच्या पावसात ही माती धुऊन तरी जाते. भुरभुर पावसात ती नुसती भिजते आणि डांबरावर लोण्याचा हात फिरवल्यागत होतंय. मोठ्या पावसाला सगळेच घाबरतात. मला भुरभुरीची भीती जास्त.

आमच्या धाकट्या काकांचा पाय असाच मोडला. बेळगावात दूध घालून स्कूटरवरून परत येत होते, मागं दोन रिकाम्या किटल्या. वेग काही फार नव्हता. वळणावर कुत्रं आडवं आलं, त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघूनच गेली. चिखल कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सकाळी आमचाच ट्रॅक्टर आमच्याच शेतातून निघाला होता, आणि चालवत होतो मी.

काकांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "रस्ता वाईट हाय गा, काय करायचं?" काकू मात्र तेव्हा माझ्याकडं बघतात.

तेव्हापासून शेताच्या तोंडाशी मी दोन बुट्ट्या खडी टाकून ठेवतो. ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी खोऱ्यानं चाकं खरवडतो आणि तरीही रस्त्यावर पडलेली ढेकळं ओढून कडेला घेतो. दहा मिनिटांचं काम. येणारे-जाणारे हसतात, "काय गा, डांबर सारवतोयस काय?" हसू देत. खड्डा बुजवायला आपण कुणाकुणाकडं अर्ज करतो, चाक खरवडायला कुणाची परवानगी लागते?

दुसरं आपल्या घाईबद्दल. ६०च्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे कुत्रं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढी पुढं गेलेली असते. वेग ४०वर आणला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर निम्म्याहून कमी होतं. येळ्ळूर ते बेळगाव असं किती लांब आहे? चार-पाच मिनिटं जास्त जातील. टायर गुळगुळीत झाले असतील तर तेही बदला बाबांनो, दिवाळीची वाट बघू नका. आणि स्कूटरवर मागं बसून छत्री उघडणाऱ्या आत्या-मावश्यांना हात जोडून सांगतो, भिजा, पण छत्री मिटा.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बेंगळूर महामार्गावर आलं, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. असं पाणी आडवं आलं की रांगेत एक तरी गृहस्थ असतोच, ज्याची गाडी 'उंच' असते. पण गाडी म्हणजे चार चाकांवरचा रिकामा डबा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवतं, दोन फुटांत मोठीही जाते. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे हे कुणी सांगितलं? २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. त्या चालकांना अंधारात कळायला काही मार्ग नव्हता. आपल्याला समोर दिवसाउजेडी पाणी दिसतंय, पोलीस अडवतोय, तरी आपण त्याच्याशी वाद घालतो. पाहुण्याच्या लग्नाला उशीर झाला तर पाहुणा चार दिवस रुसेल, एवढंच.

परवा माझा मुलगा भुरभुरीतच बेळगावला निघाला होता. पडवीतून काका म्हणाले, "थांब की गा, चहा हुईस्तवर पाऊस जातंय." तो कुरकुरत का होईना, बसला. काकूंनी चहा टाकला. मी खोरं घेऊन शेताकडं गेलो, ट्रॅक्टर तिकडंच होता.