कलामसाहेबांच्या विरोधात कोण उभं होतं?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. आमच्या देवगाव रंगारीतही होतो. फोटोला हार, मुलांची भाषणं, थोडं वाचन. मागच्या वेळी भाषणं संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, कलामसाहेब राष्ट्रपतीची निवडणूक जिंकले, मग हरलं कोण?"

वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी हरणाऱ्या बाजूला होते.

२००२ चा जुलै. मी औरंगाबादला बी.एड. करत होते. त्याच वर्षी गुजरात पेटून गेलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यापासून भारत-पाकिस्तानचे लाखो सैनिक सीमेवर समोरासमोर उभे होते आणि दोघांकडेही अणुबॉम्ब होता. अशा दिवसांत भाजपच्या आघाडीने कलामांचं नाव पुढे केलं. काँग्रेसने पाठिंबा दिला, राष्ट्रवादीने दिला, शिवसेना आघाडीत होतीच. महाराष्ट्रात सत्ताधारी आणि विरोधक दोघेही एकाच उमेदवाराच्या मागे! फक्त चार डाव्या पक्षांनी वेगळं नाव दिलं, कॅप्टन लक्ष्मी सहगल. वय ८७.

आमच्या घरी पेढे यायच्या बेतात होते. अब्बा म्हणाले, "बेटा, गुजरातनंतर निदान एवढं तरी झालं. आपला माणूस राष्ट्रपती होतोय." मी म्हणाले, "अब्बा, मला कॅप्टन लक्ष्मी व्हायला हव्यात." ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "बाहेर कुठे बोलू नकोस."

त्यांची भीती मला आज जास्त कळते. पण माझं म्हणणं तेव्हाही साधं होतं आणि आजही तेच आहे. उमेदवार कुणाचा आहे हे बघण्याआधी तो कशासाठी उभा आहे ते बघावं. 'आपला माणूस' हा निकष आपण आधी वापरून पाहिलेला आहे. १९६७ मध्ये डॉ. झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले, त्याचा अभिमान मलाही आहे. १९७४ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद झाले, आणि जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या कागदावर सही त्यांचीच होती. नाव आपलं असलं म्हणून निर्णय आपला होत नाही.

कलामसाहेबांबद्दल माझ्या मनात अनादर नाही. रामेश्वरमच्या साध्या घरातला मुलगा इतका मोठा झाला, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. राष्ट्रपती झाल्यावर ऑगस्टमध्येच ते दंगलग्रस्त गुजरातला जाऊन आले. तेव्हा अब्बा मला म्हणाले, "बघ." मी मान्य केलं. पण तेव्हा त्यांचं जे कौतुक चाललं होतं, ते कशाचं होतं? अग्नी आणि पृथ्वी क्षेपणास्त्रांचं, मे १९९८ च्या पोखरणचं. आणि त्याला जोडून, बघा, हा मुसलमान असूनही वीणा वाजवतो, गीता वाचतो. हे 'असूनही' मला टोचत होतं. जणू क्षेपणास्त्र बनवलं की मुसलमानाला देशभक्तीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि आपणही ते प्रमाणपत्र हौसेने भिंतीवर लावत होतो.

समोर उभी होती ती बाई युद्ध पाहिलेली होती. पेशाने डॉक्टर. १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद फौजेत झाशीची राणी रेजिमेंटची प्रमुख झाली. त्या फौजेचं ब्रीद इत्तेहाद, एतमाद, कुर्बानी होतं, तिन्ही शब्द आपल्या उर्दूतले. 'जय हिंद' ही घोषणा ज्यांच्या नावावर सांगतात ते आबिद हसन हैदराबादचे, म्हणजे आपल्याच जुन्या रियासतीचे. स्वातंत्र्यानंतर लक्ष्मीबाईंनी कानपूरला गरिबांचा दवाखाना चालवला. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांवर उपचार केले. १९८४ मध्ये कानपुरात शिखांवर जमाव चालून आला तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या, आणि त्याच वर्षी भोपाळच्या गॅसपीडितांकडे गेल्या. ज्या पक्षांनी त्यांना उभं केलं त्यांनी पोखरणनंतर अण्वस्त्रांच्या शर्यतीला विरोध केला होता.

कुणी म्हणेल, हातात बंदूक घेतलेली बाई युद्धविरोधी कशी? मला तर त्यामुळेच त्यांचा शब्द वजनदार वाटतो. कुणी म्हणेल, पाकिस्ताननेही बॉम्ब फोडला, मग आपण हात बांधून बसायचं का? नाही. देशाचं रक्षण झालंच पाहिजे. पण युद्ध हा शेवटचा इलाज असतो, प्रचारसभेतली टाळी नसते. एवढं म्हणणारा माणूस मोठ्या पदाच्या शर्यतीत असायला हवा.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपल्याला मत नसतं, ते खासदार-आमदारांना असतं. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. या मतदानाला पक्षाचा व्हिप लागू होत नाही आणि मत गुप्त असतं. हे वाचलं आणि मी एका आमदारांना पोस्टकार्ड टाकलं, की तुमच्या १७५ मतांवर सद्सद्विवेकाशिवाय कुणाचा हुकूम नाही, लक्ष्मीबाईंचा विचार करा. उत्तर आलं नाही. १८ जुलैला निकाल लागला. कलाम ९,२२,८८४, लक्ष्मी सहगल १,०७,३६६.

मग माझं पोस्टकार्ड वाया गेलं का? अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षाचे साधे मतदारच आधी मत देऊन ठरवतात. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात यूजीन मॅकार्थी नावाचे सिनेटर आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर उभे राहिले. न्यू हॅम्पशायर राज्यात ते हरले, पण ४२ टक्के मतं घेऊन. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. युद्ध लगेच थांबलं नाही, मॅकार्थींना उमेदवारीही मिळाली नाही. पण किती लोकांना हे युद्ध नको आहे, ते मोजलं गेलं. आपल्याकडे असं मोजायची सोयच नाही. दिल्लीत चार नेते बसतात, नाव ठरतं, आपण पेढे वाटतो.

आणि युद्धाची झळ आपल्याला दुहेरी लागते. सीमेवर तणाव वाढला की महागाई, भीती, शहिदांची घरं, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. आपल्या वाट्याला वरून नजराही येतात. २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात पती गमावलेल्या एका तरुण पत्नीने मुसलमानांना आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका म्हटलं, तर लोकांनी तिलाही सोडलं नाही. मग आपल्यातल्या कुणी शांततेचा शब्द काढला तर काय होईल, या धास्तीने आपण गप्प बसतो. अब्बांचं 'बाहेर बोलू नकोस' अजून घराघरात आहे.

मी त्या मुलीला कॅप्टन लक्ष्मींचं नाव फळ्यावर लिहून दिलं, उर्दूत आणि मराठीत. २३ जुलै २०१२ ला त्या गेल्या, देहदान करून, हेही सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मग टीचर, तुम्ही कुणाला मत दिलं असतं?"

मी सांगितलं. या वेळी वर्गाचं दार उघडं होतं.