मॅगीबाईंची रग्बी

अंगाला अंग भिडवून, चेंडू काखेत मारून पळायचे, असा रग्बीचा दांडगा खेळ. तो मुलींनी खेळावा? आमच्याही कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण लंडनच्या मॅगी अल्फोन्सी यांची हकिकत कळली नि त्या गेल्या.

१९८३ साली त्या जन्मल्या, त्याच वाकडे पाऊल घेऊन. नायजेरियन वंशाच्या आईने एकटीने वाढवले. शाळेत खेळ शिकवणाऱ्या लिझा बर्जेस स्वतः वेल्सकडून खेळलेल्या. त्यांनी या पोरीला रग्बीकडे वळवले. पुढे इंग्लंडकडून ७४ सामने! २०१० चा विश्वचषक न्यूझीलंडने अंतिम सामन्यात १३-१० असा हिरावला. या बायकांना तेव्हा खेळाचा पगारही नव्हता. तरी मॅगीबाई उभ्या राहिल्या. २०१४ साली पॅरिसला कॅनडाला २१-९ हरवून चषक मिळवला, मगच निवृत्ती घेतली.