क्रूड चढलं की आमचं, उतरलं की सरकारचं

भिवंडीत माझे बारा लूम आहेत आणि एक जुना टेम्पो. दोन्ही तेलावर चालतात. टेम्पोत डिझेल, लूमवर पॉलिएस्टरचं सूत, तेही कच्च्या तेलातूनच निघतं. लंडनच्या बाजारात ब्रेंट चढलं की सूतवाल्याचा फोन येतो, ‘सेठ, क्रूड तेज है.’ क्रूड उतरल्याचा फोन मला आजवर आलेला नाही.

सूतवाला निदान व्यापारी आहे. सरकारही तेच करतं, हा माझा आरोप आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले केले, तेव्हा सांगितलं होतं की भाव बाजाराबरोबर चढेल आणि उतरेल. एप्रिल २०२० मध्ये ब्रेंट पिंपाला २० डॉलरच्या खाली गेलं. इथे लूम बंद, कारागीर नाशिक हायवेने पायी निघालेले. २ मेच्या रात्री भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. ५ मेच्या रात्री केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून कुणी ओरडलं नाही. आमच्या वाट्याची स्वस्ताई मधल्या मध्ये गायब झाली. त्यात हे १३ रुपये उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाने, म्हणजे राज्यांनाही त्यात वाटा नाही. ७ जूनपासून मात्र भाव रोज थोडा थोडा वाढू लागला आणि कर होता तिथेच राहिला. डिझेलवर तेव्हा केंद्राचाच कर लिटरला ३१ रुपये ८३ पैसे होता.

पुढे कर कमी केला की, असं म्हणतील. केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये, मे २०२२ मध्ये ६. पण एप्रिल २०२५ मध्ये तेल घसरताच पुन्हा २ रुपये वाढवले, पंपाचा भाव तोच ठेवून. खोड गेलेली नाही.

विरोधकही धुतल्या तांदळाचे नाहीत. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या जीएसटी परिषदेत इंधनाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्या रंगांच्या राज्यांनी नको म्हटलं. व्हॅट मुख्यतः टक्क्यांत असतो. तेल महागलं की तिजोरी आपोआप भरते. मग महागाईविरुद्ध मोर्चे कशाला काढता?

आमच्या गल्लीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे. माझ्या सुताच्या बिलावर जीएसटी वेगळा छापलेला असतो. पंपाच्या पावतीवर लिटरमागचा कर कधी छापणार?