नौदलात दाताचा डॉक्टर? हो. आणि मुलगीसुद्धा!

आपल्या भागात एक वाक्य सर्रास ऐकू येतं. "एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस केलं." मुलगी असेल तर पुढचंही ठरलेलं असतं, क्लिनिक टाकून देऊ, नाहीतर स्थळ बघू. तिसरी वाट कुणी सांगतच नाही, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण घरात बीडीएसची पोरं असतील तर वाचा.

आपल्या नौदलाचा स्वतःचा वेगळा डेंटल विभाग नाही. १९४१ मध्ये उभी राहिलेली आर्मी डेंटल कोअर तिन्ही दलांना दंतवैद्य पुरवते. त्यातले काही जण नौदलात जातात, पांढरा गणवेश घालतात आणि 'सर्जन लेफ्टनंट (डी)' म्हणवले जातात. हा 'डी' म्हणजे डेंटल. कुलाब्याचं 'अश्विनी', वास्कोचं 'जीवंती', कारवारचं 'पतंजली' ही नौदलाची रुग्णालयं. म्हणजे हे काम काही सातासमुद्रापार नाही, रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे.

आता कुणी म्हणेल, जहाजावर दाताचं काय एवढं? अहो, महिना-महिना जमीन न दिसणाऱ्या जहाजावर अक्कलदाढ सुजली तर जायचं कुठे? पाणबुडी एका माणसाच्या दाढेसाठी वर आणायची का? म्हणून निघण्याआधीच दात तपासून, कीड काढून, दाढा भरून माणूस पाठवावा लागतो. पाणबुड्यांचं, म्हणजे खोल बुडी मारणाऱ्या जवानांचं तर आणखी वेगळं. दाढेत भरलेल्या सिमेंटखाली हवेची पोकळी राहिली, तर पाण्याचा दाब बदलताच असह्य कळ येते. गावातल्या क्लिनिकमध्ये चालून जाणारं ढिलं काम तिथे चालत नाही.

बरं, शिरायचं कसं? बीडीएस किंवा एमडीएस, इंटर्नशिप पूर्ण, डेंटल कौन्सिलची नोंदणी, नीट-एमडीएसचे गुण, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. सुरुवात शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, आधी ५ वर्षं, वाढवून जास्तीत जास्त १४.

आणि इथेच मुलींचा मुद्दा येतो. २०२२ च्या भरतीत ३० जागा होत्या. त्यातल्या २७ मुलांना, ३ मुलींना. आपल्या कुठल्याही डेंटल कॉलेजच्या वर्गात डोकावून बघा, बाकं कुणी भरलेली असतात! गुणवत्ता यादीत मुलींना २३५ व्या क्रमांकाला थांबवलं आणि मुलांना दोन हजारांच्या पुढच्या क्रमांकापर्यंत बोलावलं. काही मुली कोर्टात गेल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला झापलं, हे घड्याळाचे काटे उलटे फिरवणं आहे अशा शब्दांत. त्यानंतर सरकारने कोर्टात सांगितलं की यापुढे स्त्री-पुरुष अशी वाटणी राहणार नाही. दात काढायला मिशी लागते, असं इतकी वर्षं कुणाला वाटत होतं कोण जाणे.

ही बातमी आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलींपर्यंत पोचली? मी चार-पाच जणींना विचारलं. एकीलाही माहीत नव्हतं. कॉलेजं फी वसुलीच्या नोटिसा वेळेवर लावतात, भरतीची जाहिरात लावायला काय होतं?

गोड गोड चित्र मात्र रंगवणार नाही. जागा मोजक्याच निघतात. नौदलच मिळेल याची हमी नाही, राजस्थानातल्या छावणीतही जावं लागेल. कायम कमिशन मिळालं नाही तर १४ वर्षांनंतर पेन्शनशिवाय बाहेर, आणि चाळिशीत नव्याने क्लिनिकची पाटी. शिवाय "सेटिंग करून देतो" म्हणणारे दलाल या भरतीच्या नावानेही फिरतील. त्यांना एक रुपया देऊ नका. अर्ज लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा असतो.

ओळखीत बीडीएसची मुलगी असेल तर तिला खाली टॅग करा. तिच्या वडिलांनाही करा.