संगणक चुकत नाही म्हणे! मग सातबारा बदलला कोणी?



सातबाऱ्यावरचे नाव उडाले, क्षेत्र दहा गुंठ्यांनी घटले, की कचेरीत ठरलेले उत्तर मिळते: "संगणकात तसेच आहे." जणू संगणक रात्री उठून आपणच खाडाखोड करतो!

हाताने लिहिलेल्या फेरफार वहीत लबाडी चालत होतीच, भरपूर चालली. पण खोडल्याचा डाग राहत होता आणि अक्षर कोणाचे ते अख्खा गाव ओळखत होता. संगणकातली साधी फाईल बदलली की जुना मजकूर जातो, उरते ती शेवटच्या बदलाची वेळ. बदलणाऱ्याचे नाव ती सांगत नाही. कोणाच्या नावाने प्रवेश झाला, आधी काय होते, नंतर काय केले, ही नोंद ठेवण्याची सोय आधीपासून चालू असावी लागते. चोरी झाल्यावर राखणदार ठेवून काय उपयोग? आणि चार कारकुनांनी एकच पासवर्ड वापरला तर ती नोंदही फुकट. नाव एकाचे, हात चौघांचे!

विलायतेत काय झाले पाहा. तिथल्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकव्यवस्था आली. हिशेबात तूट दिसली की पोस्टमास्तर चोर! ९०० हून जास्त माणसे दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणाला हात घालता येत नाही, असे पोस्टखाते वर्षानुवर्षे सांगत राहिले. २०१९ साली न्यायालयात उघड झाले की फुजित्सू या कंत्राटदार कंपनीचे लोक पोस्टमास्तरच्या नकळत हिशेब बदलू शकत होते. त्यांची नोंद? २००९ ते २०१५ या काळात ते आत कधी शिरले, बाहेर कधी पडले, एवढेच लिहिले जात होते. आत काय केले, ते कोरे! शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली कायदा करावा लागला.

आपल्या महसूल संहितेत कलम १५० आहे. फेरफाराची नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे. लेखनप्रमाद सुधारायला कलम १५५ आहे. प्रमाद कोणाचा, हे मात्र विचारायचे नाही!

जिल्हा बैठकीत ठराव करा. ज्याची जमीन, त्याला तिच्यावरच्या प्रत्येक बदलाची नोंद बदलणाऱ्याच्या नावानिशी मिळाली पाहिजे, आणि ती नोंद बदल करणाऱ्या कचेरीच्या हाती असता कामा नये. तोवर ज्याच्या उताऱ्यात फरक पडला असेल त्याने तहसिलीत लेखी विचारावे: कोणाच्या नावाने, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने? पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.