शिपायाच्या रांगेपलीकडे : एनसीसी आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच सल्ला ऐकू येतो, ‘भरतीची तयारी कर.’ पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर मुले धावू लागतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन खासगी अकादमीची फी भरतात. या मुलांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. हीच मुले ज्या महाविद्यालयात नाव घालतात, तेथूनच सैन्यात अधिकारी होण्याची वाट सुरू होते, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय? शिपाई भरतीच्या मैदानावर निवडला जातो आणि अधिकारी बहुधा शिक्षणाच्या वाटेने येतो, हा या व्यवस्थेचा साधा नियम आहे. ज्या घरांत तो ठाऊक आहे, तेथील मुले खांद्यावर तारे लावतात. आपल्या घरांत तो पोहोचलेलाच नाही.

ही वाट म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, अर्थात एनसीसी. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. आपल्याकडे मात्र एनसीसी म्हणजे १५ ऑगस्टची परेड आणि परेडनंतरचा नाश्ता, एवढीच समजूत आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयीन छात्रांना कवायतीबरोबर नकाशावाचन, शस्त्रप्रशिक्षण आणि नेतृत्वाचे धडे मिळतात. शिबिरे करावी लागतात, हजेरी भरावी लागते. त्यानंतर आधी ‘बी’ आणि मग ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. हे सारे बीए, बीकॉम, बीएस्सी करता करता होते. छात्र झाला म्हणून सैन्यात जाण्याची सक्ती कोणावरही नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

आता या ‘सी’ प्रमाणपत्राची किंमत पाहा. एनसीसी विशेष प्रवेश योजनेत लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यावीच लागत नाही. पदवीला ५० टक्के गुण, ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि वय १९ ते २५, एवढी पात्रता असली की अर्ज करता येतो. छाननीतून निवडलेला उमेदवार थेट सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे उभा राहतो. तेथे व वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत नाव आले की चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते. त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असते आणि शेवटी लेफ्टनंटचे पद. ही योजना वर्षातून दोनदा निघते. अलीकडच्या काही तुकड्यांत पुरुषांसाठी सत्तरच्या आसपास, तर महिलांसाठी अवघ्या पाच-सहा जागा होत्या. शिवाय डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत सीडीएस परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या १०० जागांपैकी १३ जागा ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखून ठेवलेल्या असतात. याच्या शेजारी २०२२ मध्ये आलेली अग्निपथ योजना ठेवून पाहा. तेथे चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर फार तर २५ टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद आहे. अग्निवीर भरतीत एनसीसीचे वाढीव गुण मिळतात, हे आपल्या मुलांना माहीत असते. तेच प्रमाणपत्र अधिकारीपदाचा दरवाजा उघडते, हे मात्र माहीत नसते.

या अज्ञानामागे इतिहास आहे. दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. त्या लढाईत शौर्य आपल्या शिपायांचे होते, हुकूम कॅप्टन स्टाँटनचा होता. त्या काळी एतद्देशीय माणसाची मजल सुभेदारपदापर्यंतच जात असे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ त्या पदापर्यंत पोहोचले होते. पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’चे खूळ पुढे करून महारांची भरतीच बंद केली. त्याविरुद्ध १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र तयार केले आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडण्यात आली. नेमक्या याच काळात १९१८ पासून सँडहर्स्टच्या जागा भारतीयांना मिळू लागल्या होत्या आणि १९२० मध्ये महाविद्यालयांतून युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर सुरू झाला होता. म्हणजे अधिकाऱ्याची शिडी महाविद्यालयात उभी राहत होती, तेव्हा आपला समाज पलटणीच्याही बाहेर होता आणि महाविद्यालयाच्याही.

बाबासाहेबांनी ही गोष्ट ओळखली होती. गोलमेज परिषदेच्या संरक्षण उपसमितीत त्यांनी सैन्यभरती जातपात न पाहता सर्व भारतीयांना खुली असावी आणि पात्रता हीच कसोटी असावी, असा आग्रह धरला. १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि १९४२ मध्ये कामठीला दुसरी. या रेजिमेंटने देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख दिले. परंतु येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. रेजिमेंटचे नाव महार असले म्हणून तिचे अधिकारी त्या समाजाचे असतात असे नाही. अधिकाऱ्यांची निवड देशभरातून एकाच चाळणीने होते आणि मग ते पलटणीत पाठवले जातात. म्हणून रेजिमेंटचा अभिमान पुरेसा नाही. त्या चाळणीपर्यंत आपली मुले पोहोचतात का, हा आजचा प्रश्न आहे.

त्या चाळणीला कोणतेही आरक्षण नाही. सैनिकी शाळांच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. सीडीएसच्या परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्क माफ आहे. पण अधिकाऱ्यांच्या निवडीत राखीव जागा नाहीत. ‘सैन्यात फक्त गुणवत्ता चालते,’ असे आपल्याला सांगितले जाते. ठीक आहे. परंतु एसएसबीत पाच दिवस काय तपासले जाते? गटचर्चा, कथालेखन, मैदानी कामे, मुलाखत. म्हणजे चारचौघांत बोलण्याची सवय, इंग्रजीची सफाई, पुढाकार आणि आत्मविश्वास. या गोष्टी जन्मजात नसतात, त्या सरावाने येतात. ज्याच्या महाविद्यालयात एनसीसी आहे त्याला तीन वर्षे हा सराव सरकारी खर्चाने मिळतो. ज्याच्या महाविद्यालयात ती नाही, त्याला तो विकत घ्यावा लागतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जेथे शेवटच्या दारावर आरक्षण नाही, तेथे पहिल्या पायरीवर तरी सर्वांना समान जागा मिळालीच पाहिजे. सराव एकाला द्यायचा आणि परीक्षा दोघांची घ्यायची, याला गुणवत्ता म्हणत नाहीत.

कायदा येथे काय म्हणतो? १९४८ च्या कायद्यानुसार विद्यापीठाचा कोणताही विद्यार्थी छात्र म्हणून नाव नोंदवण्यासाठी पुढे येऊ शकतो. पण तुकड्या कोठे उभारायच्या, हे केंद्र सरकार ठरवते. म्हणजे अर्ज करण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे, तुकडी मात्र सरकारच्या मर्जीवर आहे. तुकडी मिळावी म्हणून कितीतरी महाविद्यालये प्रतीक्षा यादीत राहतात. अलीकडे पूर्ण स्वयंअर्थसहाय्यित एनसीसीची योजना आली. तिच्यात प्रशिक्षणाचा खर्च संस्थेने सोसायचा असतो. ज्या संस्थेकडे पैसा आहे तिला तुकडी, आणि तालुक्याच्या ज्या महाविद्यालयात मजुरांची मुले शिकतात तेथे प्रतीक्षा, असा याचा अर्थ होऊ शकतो. २०२४ मध्ये तीन लाख छात्र वाढवून मंजूर संख्या २० लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण या वाढीव जागा कोणत्या महाविद्यालयांना जातात आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे छात्र किती, याचा जिल्हावार तपशील सरकारने जाहीर केला पाहिजे.

राज्य सरकारच्या विचाराची मर्यादाही येथे दिसते. मागासवर्गीय तरुणांसाठी सामाजिक न्याय विभागाच्या आणि बार्टीच्या योजना निघाल्या, त्यांचे नाव ‘सैन्य व पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण’. भरतीपूर्व! म्हणजे आमच्या मुलाने जास्तीत जास्त शिपाईच व्हावे, असे गृहीत धरूनच योजना आखायची काय? शासकीय वसतिगृहांत राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सीडीएस व एसएसबीचे वर्ग का निघू नयेत? सैनिक कल्याण विभागाचे नाशिकरोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्रातील उमेदवारांना एसएसबीची तयारी निवास व भोजनासह मोफत करून देते. एनसीसी गटाने शिफारस केलेल्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकालाही तेथे प्रवेश मिळू शकतो. ही माहिती आपल्या किती वसतिगृहांच्या फलकावर लागते?

मुलींच्या बाबतीत तर हा विचार अधिक तातडीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ छात्रा तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. पण एनडीएचा निर्णय बारावीच्या सुमारासच घ्यावा लागतो. आपल्या बहुतेक मुलींना ही वाट महाविद्यालयात गेल्यावर कळते. त्यांच्यासाठी एनसीसी हाच खरा रस्ता आहे, आणि तेथे एका तुकडीत पाच-सहा जागा ही थट्टा आहे. त्या वाढल्याच पाहिजेत.

मग आपण काय करायचे? पहिली गोष्ट, एनसीसीची निवड महाविद्यालयात प्रवेश घेतल्या घेतल्या होते. पहिले वर्ष हुकले की ‘सी’ प्रमाणपत्र बहुधा हुकतेच. म्हणून प्रवेश घेतानाच ‘येथे एनसीसी आहे काय?’ हा प्रश्न पालकांनी विचारावा. दुसरी गोष्ट, तुकडी नसेल तर प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावे आणि माहितीच्या अधिकाराखाली एनसीसीच्या गट मुख्यालयाला विचारावे : जिल्ह्यातील कोणत्या महाविद्यालयांत तुकड्या आहेत, प्रतीक्षा यादीत कोण आहे, कोणत्या तारखेपासून आहे? दहा रुपयांच्या अर्जात होणारे हे काम आहे. तिसरी गोष्ट, आपल्या प्राध्यापकांनी सहयोगी एनसीसी अधिकारी होण्यास पुढे यावे. तुकडी चालवायला प्रशिक्षित प्राध्यापक लागतो, आणि त्याचे प्रशिक्षण होते ते कामठीला. ज्या कामठीत आपली दुसरी पलटण उभी राहिली, त्याच गावात. चौथी गोष्ट, समाजातील निवृत्त सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी रविवारी दोन तास विहाराच्या सभागृहात मुलांकडून इंग्रजीत गटचर्चा करून घ्यावी. त्याला अनुदान लागत नाही.

भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या मुलांना थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी जरूर धावावे. पण त्यांच्यातल्या ज्या मुलाच्या वा मुलीच्या हातात पदवीचा प्रवेश अर्ज आहे, त्यांना याच आठवड्यात एनसीसीच्या खोलीचा पत्ता सांगा. नोंदणीची मुदत निघून गेल्यावर सांगितलेल्या माहितीचा त्यांना काहीही उपयोग नाही.

जयभीम!