शोकेस शाबूत, ट्रंक रद्दीत

शबे-बरात सरली की मोहल्ल्यात भांडी आपटल्याचे आवाज वाढतात. माळे रिकामे होतात, गाद्या गच्चीवर जातात आणि गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची हातगाडी ठाण मांडून उभी राहते. रमजानपूर्वी घर लख्ख करण्याची ही रीत जुनी आहे आणि चांगलीही. माझे भांडण झाडूशी नाही, त्या हातगाडीवर काय चढते याच्याशी आहे. गाडी एकदा नीट बघा. तिच्यावर शोकेस कधी दिसत नाही. दिसते ती पत्र्याची ट्रंक, सुतळीने बांधलेले कागदांचे गठ्ठे, पिवळी पडलेली मराठी पुस्तके, आजोबांचे शाळेचे दाखले. हे सगळे किलोच्या भावाने जाते आणि कधीच न वापरलेला डिनर सेट काचेमागे तसाच बसून राहतो.

आपण घर उलटे आवरतो. जे जपायचे ते विकतो आणि जे द्यायचे त्याला कुलूप लावतो.

या उलट्या कारभाराला आता परदेशी फॅशनचा आधार मिळाला आहे. मारी कोंडो या जपानी बाईंची मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडच्या यूट्यूबवरच्या ताईही एकेक वस्तू हातात घेऊन ‘यातून आनंद मिळतो का?’ असे विचारू लागल्या. कपड्यांना ही कसोटी खुशाल लावा. पण कागदांबाबत कोंडोबाईंचा मूळ नियम सगळे टाकून देण्याचा आहे. मोजके अपवाद तेवढे ठेवायचे. जपानमध्ये हे चालून जाते. तिथे ‘कोसेकी’ नावाची कुटुंबनोंदवही असते. जन्म, लग्न, मृत्यू, सगळे कुटुंबाच्या नावावर स्थानिक सरकारी दफ्तरात लिहिलेले. तिथला माणूस घरातला कागद फेकू शकतो, कारण त्याचा कागद दुसऱ्या कोणीतरी सांभाळलेला असतो. आपल्याकडे सरकार कागद सांभाळत नाही, मागते. (तीन मुले झाल्यावर आपणही टापटिपीचा नाद बराचसा सोडल्याचे याच बाईंनी २०२३ मध्ये सांगितले. ते आपल्या ताईंनी कोणाला सांगितलेले दिसत नाही.)

आता एकेक खोली घेऊ. हॉल पाहुण्यांसाठी असतो, असे आपण म्हणतो. खरे तर तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतो. शोकेसमधल्या कपातून पाहुण्याला चहा कधी मिळत नाही. त्याच्यासमोर ट्रेमधून रोजचेच कप येतात. हे सामान आले कुठून? बहुतेक घरांत उत्तर एकच, जहेज. शरियतने नवऱ्यावर मेहर बंधनकारक केली, मुलीच्या बापावर फर्निचर नाही. हुंडा घेणे-देणे १९६१ पासून कायद्यानेही गुन्हा आहे. तरी कपाट, पलंग, सोफा, फ्रिज टेम्पोतून उतरते, मोहल्ला ते मोजून घेतो आणि दोन खोल्यांच्या घरात, जिथे सासूच्या जहेजचे कपाट आधीच भिंत अडवून उभे असते, तिथे सुनेचे कपाट त्याच्यापुढे लावले जाते. मग घरात जागा नाही म्हणून ओरड सुरू होते आणि सर्वांत आधी नजर जाते माळ्यावरच्या ट्रंकेकडे.

झोपायच्या खोलीत तर इस्राफविषयी रोज बोलणाऱ्यांनीही आरसा बघावा. माणसाला एक बिछाना, बायकोला एक, पाहुण्याला एक, आणि त्यापुढचा चौथा सैतानाच्या खात्यावर टाकणारी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. आमच्या दिवाणांच्या पोटात असे चौथे, पाचवे, सातवे बिछाने दडलेले असतात. रजया, चादरी, एकदाच घातलेले शरारे. हे वाटून टाकायला जकातीचीही वाट बघावी लागत नाही.

आणि त्याच कपाटात निकाहनामा आहे का, हे बघा. लग्नाचा जोडा सापडतो, अल्बम सापडतो, आहेराची वही सापडते. कोणी किती दिले हे त्या वहीत पैशापर्यंत लिहिलेले असते. निकाहनामा मात्र सापडत नाही. ज्या कागदावर बाईच्या मेहरची रक्कम आहे तो कुठे आहे, हे खुद्द त्या बाईलाच माहीत नसते. ठरलेली पण न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज असते आणि त्याच्या पश्चात वारसा वाटण्याआधी ते फेडायचे असते. कागदच नसेल तर ती विधवा कोणाला काय दाखवणार? काझींचे दफ्तर असते हे खरे, पण निकाह कोणत्या शहरात, कोणत्या काझींनी पढवला हे सांगणारी माणसे कायम राहत नाहीत. साफसफाईचे सगळे कष्ट बायकांनी उपसायचे आणि त्यात गहाळ होणारा कागदही त्यांचाच असायचा, ही वाटणी मला मान्य नाही.

स्वयंपाकघराबद्दल फार बोलत नाही. तांब्याची देग मोडीत विकून आइस्क्रीमचे रिकामे डबे जपणाऱ्यांना काय सांगायचे!

खरा प्रश्न माळ्याचा आहे. तिथल्या ट्रंकेत दोन प्रकारचे कागद निघतात. मराठी आणि मोडी कागद सरळ रद्दीत जातात. उर्दू कागदांचे नशीब याहून चमत्कारिक. नव्या पिढीला उर्दू वाचता येत नाही. उजवीकडून डावीकडे लिहिलेले दिसले की ते पाकच असणार, अशी समजूत. बेअदबी नको म्हणून सगळे एका पिशवीत भरायचे आणि मशिदीतल्या पेटीत टाकायचे किंवा विहिरीत, नदीत ‘ठंडे’ करायचे. कुराण शरीफच्या जीर्ण पानांसाठी हा अदब योग्यच आहे. पण त्याच पिशवीत आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रे असतात, जमिनीचे खरेदीखत असते, उधारीची वही असते, शाळेचा दाखला असतो. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा कारभार होता आणि त्याची सरकारी भाषा उर्दू होती. तिथल्या घरातला उर्दू कागद दीनी असण्याइतकाच तहसीलचाही असू शकतो. त्यावरचे साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येते. एवढा हिशेब न करता आपण अदब म्हणून स्वतःचा सातबारा बुडवतो.

हे भावनेपोटी बोलत नाही. ओबीसी यादीतल्या तांबोळी, बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी घरांतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. जुन्या शाळांच्या रजिस्टरात अनेकदा नुसतेच ‘मुसलमान’ लिहिलेले असते. अशा वेळी पणजोबांच्या एखाद्या खरेदीखतावरचा ‘पिंजारी’ हा एक शब्द मुलीची मेडिकलची जागा वाचवू शकतो. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका समाजासाठी सरकार दफ्तरे पालथी घालते. तुमच्यासाठी घालेल, या भरवशावर राहू नका.

आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एनआरसीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीच्या फेरतपासणीत २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांकडे कागद मागितले गेले. भीती घाला असे मी म्हणत नाही. भीतीने कागद शाबूत राहत नाहीत, उलट घाईत हरवतात. आणि कागदांच्या नावाने माणसाला छळणे अन्यायाचेच आहे, ते आपण म्हणत राहूच. पण अन्यायाला विरोध करायचा म्हणून हातातला पुरावा तीन किलोच्या रद्दीत घालायचा, हे कुठले शहाणपण?

सरकारी कामापलीकडचाही एक हिशेब आहे. २०२५ च्या जानेवारीत एका पत्रकाराने फातिमा शेख हे आपण रचलेले काल्पनिक पात्र असल्याचा दावा केला. तो खोडायला काय पुढे आले? १० ऑक्टोबर १८५६ चे सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र. आजारपणात माहेरी असताना, आपल्यामागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख त्यात आहे. तो मजकूर कोणीतरी जपला म्हणून फातिमेचे नाव टिकले. फातिमेच्या स्वतःच्या घरचे कागद कुठे गेले असतील, याची कल्पना करा. मुसलमानांना मराठीत इतिहास नाही असे कोणी म्हटले की आपण चिडतो. चिडण्याचा हक्क आहे, पण १९७० च्या दशकातली मासिके, संमेलनांच्या स्मरणिका, मोहल्ल्यातल्या वाचनालयाचे हिशेब आपणच हातगाडीवर चढवले आहेत.

तेव्हा या वर्षी क्रम बदला. माळा शेवटी नाही, आधी उतरवा, आणि एका दिवसात उरकू नका. उर्दू वाचणारा कोणी, मग ते मशिदीतले मौलाना असोत की निवृत्त शिक्षक, बसवून प्रत्येक कागद वाचून घ्या. कुराणाची पाने, घरचे कागद आणि खरोखरची रद्दी असे तीन ढीग करा. घरात कोणी वयस्क असेल तर फोटोतल्या माणसांची नावे विचारून पाठीमागे पेन्सिलीने लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण त्यामुळे मूळ प्रत टाकायला मोकळे झालो असे समजू नका. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, तो कायमचा बिघडतो. टाचण्या आणि रबरबँड काढून स्वच्छ सुती कापडात बांधा आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखालून हलवा. निकाहनाम्याची एक प्रत बायकोच्या हातात, तिच्या स्वतःच्या फायलीत द्या. ट्रंकेला जागा नसेल तर शोकेसचा खालचा खण रिकामा करा. डिनर सेट एखाद्या शेजारणीला द्या, तिच्याकडे तो रोज वापरात येईल.